वेताळ निघाला डेन्व्हरला

परदेशी मुलाकडे निघालेली आई बॅगेत काय काय भरते, हे मी तुम्हांला सांगायला नको. मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, सुनेला साडी, आणि वजन करताना काढून ठेवलेला पण शेवटी गुपचूप परत भरलेला आमसुलांचा डबा! २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई माझ्या थोरल्या भावाकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा आईच्या बॅगेत ह्या सगळ्याच्या जोडीला आणखी एक ऐवज होता. दोन सुती साड्यांच्या घडीत तिनं बारा इंद्रजाल कॉमिक्स नीट निजवून ठेवली होती.

तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी गाठली आहे, त्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये ती सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. मराठीतही यायची. मुखवटा घातलेला वेताळ, त्याचा पांढरा घोडा, जादूगार मँड्रेक. माझा जन्म झाला तेव्हा त्यांची अखेरची वर्षं चालली होती, त्यामुळे मी वाचली ती सगळी बाबांचीच जुनी. बाबा शाळकरी असताना चिपळूणच्या एस.टी. स्टँडवर रुपयाला एक घ्यायचे. घेतलं की पहिल्या पानावर निळ्या शाईनं नाव आणि तारीख टाकायची ही त्यांची शिस्त. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही झालो, तरी ती ट्रंक कॉटखालून हलली नाही.

हलली ती २०२१ च्या २२ जुलैला. त्या रात्री वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते तुम्ही टी.व्ही.वर पाहिलं असेल. आमच्या घरात ते छातीपर्यंत होतं. पाणी उतरल्यावर आईनं आधी धान्य टाकलं, मग गाद्या, आणि मग बाबांना ओट्यावर बसवून ती ट्रंक उघडली. वरच्या थरातली चाळीसएक पुस्तकं तेवढी हाती लागली, खालची नुसता लगदा. ती चाळीस तिनं पान पान सोडवून दोरीवर वाळत घातली, इस्त्री फिरवून सपाट केली आणि फाटलं होतं तिथे तिथे चिकटपट्टी लावली. बाबा २०२३ मध्ये गेले. घरावर एक खोली चढवायची, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर निदान माणसं नि ट्रंक वर जाईल, हे त्यांचं नि आईचं ठरलेलं राहूनच गेलं. गवंड्याचा अंदाज साडेसहा लाखांचा.

दादाला हे माहीत होतं. पण त्याच्या कंपनीत त्या वर्षी माणसं कमी करणं चालू होतं, आणि आई तर मुलाकडून पैसे घ्यायला अजिबात तयार नाही. अशात माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं कुठेसं पाहिलं की अमेरिकेत जुन्या कॉमिक्सना लाखो डॉलर येतात. दादाचा लगेच फोन, "आई, बाबांची पुस्तकं घेऊन ये. सगळी नको, बरी बरी निवडून आण." आता बरी बरी म्हणजे कुठली? आईनं तिला बरी वाटली ती निवडली. ती कशी निवडली ते पुढे कळेलच.

डेन्व्हर शहराबद्दल दोन शब्द सांगते. विमानतळाचं छप्परच मुळी पांढऱ्या कापडाच्या तंबूंचं आहे, लग्नाचा मांडव घातल्यासारखं. शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर, म्हणजे ५,२८० फूट. आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, पण गंमत अशी की घाट चढावा लागत नाही. सगळं सपाट, आणि पश्चिमेला एकदम रॉकी पर्वतांची रांग उभी. तिथल्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'इथे एक मैल' अशी खूण कोरली आहे. खूण एक नव्हे, तीन! मोजणी सुधारत गेली तशी मैलाची पायरी बदलत गेली. आई तिन्ही पायऱ्यांवर एकेकदा उभी राहिली. म्हणाली, कुठली तरी खरी असेलच.

पण मला सांगायचं आहे ते तिथल्या हवेबद्दल. वर्षाला जेमतेम पंधरा इंच पाऊस. आमच्या चिपळूणला सव्वाशे इंचांच्या वर पडतो. पहिल्याच दिवशी आमचे ओठ फुटले. कणीक दहा मिनिटं उघडी राहिली तर वर पापुद्रा धरायचा. मिठाला पाणी सुटत नाही, बिस्किटं मऊ पडत नाहीत, आणि घरात वाळत घातलेला टॉवेल दोन तासांत खडखडीत. आई त्या टॉवेलला हात लावून नुसती बघत राहायची. जन्मभर श्रावणात शेगडीवर लंगोट वाळवलेली बाई ती!

आणि ह्याच हवेमुळे डेन्व्हरचं नाव कॉमिक्सच्या दुनियेत मोठं झालं आहे. इथे एडगर चर्च नावाचे एक गृहस्थ राहत. टेलिफोनच्या यादीतल्या जाहिरातींची चित्रं काढणं हा त्यांचा व्यवसाय. १९३७-३८ पासून पुढे पंधराएक वर्षं ते बाजारात येणारी कॉमिक्स विकत घेत गेले आणि तळघरातल्या कपाटात एकावर एक रचत गेले. अठरा ते बावीस हजार पुस्तकं! १९७७ मध्ये घरच्यांनी घर आवरायला काढलं, तेव्हा चक रोझान्स्की ह्या तरुण दुकानदाराच्या हाती तो साठा आला. उघडून बघतो तर चाळीस वर्षांपूर्वीचा कागद पांढरा, रंग कालच छापल्यासारखे. कोरडी थंड हवा, अंधार, आणि एकमेकांच्या वजनानं दाबून राहिलेली पुस्तकं. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा अंक. त्याची सर्वांत चांगली समजली जाणारी प्रत ह्याच ढिगातली. आता मला सांगा, हेच गृहस्थ आमच्या पेठमापात राहत असते तर पहिल्याच पावसाळ्यात त्या ढिगाला अळंबी उगवली असती की नाही?

एका शनिवारी दादा आम्हांला साऊथ ब्रॉडवे ह्या रस्त्यावर घेऊन गेला. लांबच लांब सरळ रस्ता. त्याच्या एका टप्प्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानांची रांगच आहे. कपबश्या, घड्याळं, शिवणयंत्रं, कुणाच्या तरी आजीच्या टोप्या. आई प्रत्येक काचेपाशी थांबून "आपल्याकडे हे भंगारात जातं हो," असं म्हणत होती. झाडं पिवळी होऊन पानं गाळत होती, ऊन लख्ख, वारा मात्र कानाला झोंबणारा. कोपऱ्यावर ते कॉमिक्सचं दुकान होतं. बाहेरून अगदी साधं. आत गेल्यावर मात्र मला आमच्या रत्नागिरीच्या रेकॉर्ड ऑफिसची आठवण झाली. पुठ्ठ्याची लांब लांब खोकी टेबलांवर मांडलेली, त्यांत पुस्तकं आडवी नव्हे तर उभी, प्रत्येक पुस्तक पारदर्शक पिशवीत, पाठीला पांढरा पुठ्ठा. माणसं उभ्यानं खोकी चाळत होती, भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुड्या उलटतात तशी नव्हे, तर खालून बोट घालून, अलगद.

भिंतीवर महागाची पुस्तकं होती. जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद, आणि वरच्या पट्टीवर आकडा: ९.८, ९.४, ६.०. भाच्यानं समजावलं, "आत्या, ही ग्रेड आहे. दहातली." फ्लोरिडा राज्यात सारासोटा म्हणून गाव आहे, तिथे २००० सालापासून एक कंपनी हेच काम करते. तुम्ही पुस्तक पाठवायचं, त्यांची जाणती माणसं पान पान तपासतात, आकडा देतात आणि पेटीत सील करून परत पाठवतात. मग ते पुस्तक कुणी उघडत नाही. वाचत तर नाहीच.

"वाचायचं नाही तर घ्यायचं कशाला?" आईनं विचारलं. मी हे दुकानदाराला इंग्रजीत सांगितलं नाही. पण तो पन्नाशी उलटलेला, मागे केसांची शेपटी बांधलेला माणूस मोठा समजूतदार होता. दादानं आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्यानं हात धुतले, पुसून कोरडे केले, टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरला आणि आईला खूण केली, ठेवा. आईनं साडीची घडी उलगडली.

आधी त्यानं स्वतःचंच एक पुस्तक घेऊन काय बघायचं ते दाखवलं. पुस्तक सरळ न धरता दिव्याखाली तिरकं धरलं. समोरून जे कव्हर गुळगुळीत दिसत होतं, त्यावर तिरक्या उजेडात बारीक चुण्या, दाबल्याच्या खुणा, कुणाच्या तरी पेन्सिलीचा उमटलेला ठसा, सगळं वर आलं. तुम्ही शालू विकत घेताना दाराशी उजेडात नेऊन तिरका धरता ना, अगदी तस्सं! मग कणा, म्हणजे जिथे पुस्तक मधोमध दुमडून पिना मारलेल्या असतात ती कड. पुस्तक उघडताना तिथे बारीक आडव्या रेघा पडतात. रेघ नुसती पडली तर थोडं नुकसान, पण रेघेत रंग तुटून पांढरा कागद दिसला तर जास्त. जुन्या पैठणीची घडी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की जर तिथेच चिरते, त्यातलाच प्रकार. अशा दोन-तीन बारीक रेघांनी ९.८ चं पुस्तक खाली येतं, आणि वरच्या आकड्यांत एवढ्याशा घसरणीनं कधी कधी किंमत निम्मी होते. मग कोपरे टोकदार आहेत की बोथट, पिना गंजल्या आहेत का, गंज कागदात उतरला आहे का, मधलं पान पिनेतून सुटलं आहे का. कागद पांढरा, मळकट की तपकिरी. शेवटी पुस्तक नाकाशी नेऊन वास! कुबट वास हाही दोष.

मला बाई हे काही नवीन वाटलं नाही. माझं सासर रत्नागिरीचं, थोडीफार हापूसची कलमं आहेत. मे महिन्यात पडवीत आढी उतरवली की आम्ही जावा-जावा बसून हीच प्रतवारी करतो. आकार वेगळा, वजन वेगळं, आणि सालीवर टिकलीएवढा काळा ठिपका असला की तो 'डागी', बाजूला. आत रस तोच, गोडी तीच, पण पेटीत त्याला जागा नाही. उलट साका असतो तो बाहेरून दिसतच नाही. मोठं देखणं फळ पेटीत बसून मुंबईला जातं आणि कापल्यावर आत पांढरं स्पंजासारखं निघतं. मी हे दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो फार खूश झाला. म्हणाला, म्हणून तर आम्ही पानं मोजतो.

पानं मोजण्याची गोष्ट त्यानंच सांगितली. १९७४ च्या सुमाराला मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समध्ये पत्रांच्या पानावर पोस्टाच्या तिकिटासारखं एक चित्र छापत. मुलांनी ते कापायचं आणि वहीत चिकटवायचं. कंपनीनंच सांगितलं म्हटल्यावर मुलांनी कापली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या हल्कच्या १८१ व्या अंकात वुल्व्हरीन नावाचा नायक पहिल्यांदा पूर्ण गोष्टीत आला. तेव्हा किंमत २५ सेंट. आज धडक्या प्रतीला हजारो डॉलर पडतात, पण ते एवढंसं तिकीट कापलेलं असेल तर कव्हर कितीही कोरं असो, किंमत धाडकन खाली. कंपनीचं ऐकणाऱ्या आज्ञाधारक मुलांचीच पुस्तकं आज कमी भावाची!

एवढा कडकपणा का, असं मी विचारलं. तर मूळ कारण साधं आहे. १९३८-४० मधली ही पुस्तकं दहा सेंटांची, पोरांसाठी, स्वस्त कागदावर. पोरांनी ती खिशात कोंबली, अदलाबदल केली, आणि महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमेत उरलीसुरली गेली. पुस्तकं तशी शेकड्यांनी सापडतील, पण कुणी हात न लावलेलं सापडणं कठीण. पैसा मोजतात तो त्या न लावलेल्या हाताचा.

मग आमची पाळी आली. त्यानं पहिलं पुस्तक उचललं. त्याला अक्षर कळत नव्हतं, वेताळाला मात्र ओळखलं. ली फॉकचा फँटम, १९३६ पासूनचा. तो एकेक बोलत गेला आणि मी आईला सांगत गेले.

"पहिल्या पानावर शाईनं लिहिलंय म्हणतो."

"ते त्यांचं नाव. आणि तारीख."

तारखेला तो तितकासा वाईट म्हणत नव्हता. तिकडे पूर्वी पेपरवाले अंक आला की कव्हरवर शिसपेन्सिलीनं तारीख टाकत, ती ते चालवून घेतात. नाव मात्र दोष. मला आपल्या फडताळातली भांडी आठवली. रुखवतातल्या पातेल्यावर नाव घातलं नाही तर आपल्याला ते आपलं वाटत नाही!

"खाली पाण्याची रेघ आहे."

"असणारच. पूर आला होता म्हणून सांग त्याला."

"चिकटपट्टी लावली आहे, ती लावायला नको होती. तिचा गोंद पुढे पिवळा होऊन कागदात उतरतो. फाटलेलं तसंच ठेवलेलं परवडलं."

आई गप्प. मग त्यानं वेताळाच्या अंगरख्यावर बोट नेलं. कण्याजवळ जिथे रंग उडाला होता तिथे कुणीतरी स्केचपेननं रंगवलं होतं. हा तर म्हणे फार मोठा गुन्हा. असं रंगवलेलं, कडा कापून सरळ केलेलं, जोडकाम केलेलं पुस्तक त्या पेटीत गेलं तर त्याला निळ्याऐवजी जांभळी पट्टी मिळते, म्हणजे जन्माचा शिक्का. आपल्याकडे रफू करणाऱ्याला हातात जादू आहे म्हणतात, आणि इथे डागाळलेलं चालेल पण डाग झाकलेला चालणार नाही! मला हे पुरतं पटलेलं नाही, अजूनही नाही. पण फसवणूक टाळायची तर त्यांना दुसरा मार्ग नसेल, हेही कळतं.

"ते मी रंगवलंय," आई म्हणाली. "ह्यांचं ऑपरेशन झालं होतं. निजून निजून कंटाळले होते, त्यांनीच सांगितलं कुठे रंगवायचं ते."

हे मी भाषांतर करून सांगितलं. दुकानदार काही बोलला नाही. पान जरा हळू उलटलं एवढंच. पुढे मात्र एका जागी थांबून त्यानं विचारलं, ह्यावर इस्त्री फिरवली आहे का? आईनं मान डोलावली. तो हसायला लागला. तिकडे म्हणे पुस्तकं सपाट करण्याचा एक वेगळा धंदाच आहे. मोजकी वाफ, मोजकी उष्णता आणि दाब देऊन चुण्या घालवतात, त्याचे पैसे घेतात, आणि ते दोषात धरत नाहीत! "मग मी काय वेगळं केलं?" आईनं विचारलं, आणि त्या सबंध दुपारी पहिल्यांदा ती जरा सावरून बसली.

सातवं की आठवं पुस्तक असेल. पानं मोजता मोजता तो थबकला. मधल्या एका पानाला चौकोनी खिडकी पडली होती. कात्रीनं नीट कापलेली, पाव पानाएवढी.

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी रत्नागिरीच्या गाडीत बसून निघून जावंसं वाटलं. कारण ती खिडकी मी पाडली होती. तिसरीत असताना शाळेत 'वाहतुकीची साधने' अशी चिकटवही करायची होती. बैलगाडी मिळाली, आगगाडी मिळाली, घोडा कुठे मिळेना. वेताळाचा घोडा इतका पांढराशुभ्र, इतका देखणा! बाबांच्या लक्षात आलं तेव्हा संशय सहावीतल्या दादावर गेला, कारण कॉमिक्समध्ये डोकं खुपसून तोच बसलेला असायचा. त्यानं दोन धपाटे खाल्ले आणि मी न्हाणीघराच्या दाराआड उभी राहून ऐकले. तीस वर्षं मी हे कुणाला बोलले नव्हते. ह्यांनासुद्धा नाही.

"बघ आई!" दादा एकदम ओरडला. "हेच ते! मी नव्हतं कापलं, आठवतंय?"

"मी कापलं," मी म्हटलं.

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण त्यानं पुस्तक खाली ठेवलं आणि वाट बघत राहिला. दादा माझ्याकडे नुसता बघत होता. भाचा तर असा खूश की काही विचारू नका. आणि आई शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. तुझ्या वहीत घोडा नव्हता का? त्यांनीही पाहिली ती वही. म्हणून तर दुसऱ्या दिवशी दादाला भेळ खायला नेलं."

"भेळ मला आठवत नाही," दादा म्हणाला. "धपाटे आठवतात."

त्या पुस्तकाची ग्रेड ०.५. त्याखाली आकडाच नाही. पान फाटलं, गंजलं, भिजलं तरी गोष्ट पुरी असते, पण गोष्टीतलं चित्रच गेलं की पुस्तक अपुरं. बाकीच्यांना त्यानं दीड ते तीनच्या मधे बसवलं, तेही तोंडी. भाव विचारला तर प्रामाणिकपणे सांगितलं की इथे मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि ह्या अवस्थेत पेटीत घालून घेण्याचा खर्च पुस्तकाहून जास्त होईल. विकायचीच तर तुमच्याच देशात विका, तिकडेही जमवणारे आहेत. ते खरंच आहे. आपल्याकडेही इंद्रजालचे शौकीन आहेत आणि तेही आधी पिना आणि कोपरेच बघतात. जाता जाता त्यानं विचारलं, ही बारा कशी निवडली? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जी सगळ्यात जास्त वाचलेली, ती बरी असणार ना?"

साडेसहा लाखांचा विषय दुकानातच संपला. दादाचा चेहरा उतरला होता. आईनं मात्र पर्समधून पैसे काढून त्या पारदर्शक पिशव्या आणि पुठ्ठे मागितले, आणि शंभराच्या गठ्ठ्याला काही कमी करतो का, ते मला विचारायला लावलं. त्यानं कमी केले.

पुस्तकं ठेवण्याबद्दल त्यानं जे सांगितलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल. तुमच्या घरी किशोर किंवा चांदोबाचे जुने अंक असतील, लग्नाच्या पत्रिका असतील, आजीच्या हातची पाककृतींची वही असेल. साध्या पी.व्ही.सी.च्या पिशवीत कागद ठेवू नये, ती पुढे चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनची चांगली. पाठीचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, साधा तपकिरी पुठ्ठा स्वतःच कागद पिवळा करतो. पुस्तकं उभी ठेवावीत, पण वाकतील इतकी सैल नकोत. ऊन नको, माळ्यावरची पत्र्याखालची उष्णता नको, बाहेरच्या ओल आलेल्या भिंतीला लावलेलं कपाट नको. आपल्या कोकणात सिलिका जेलच्या पुड्या हव्याच, आणि त्या पावसाळ्याआधी बदलायच्या. लोखंडी पिन गंजली असेल तर ओढून काढू नये, पान फाटतं. आणि चिकटपट्टी लागलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. हे शेवटचं आईनं मला दोनदा विचारून घेतलं.

परतल्यावर महिना झाला नसेल, तोच दादाचा फोन. २० नोव्हेंबरला टेक्सासच्या एका लिलावात १९३९ चा सुपरमॅनचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरना गेला होता. ग्रेड ९.०. कॅलिफोर्नियात तीन भावांना आई गेल्यावर तिचा माळा आवरताना तो पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला. आई त्यांना वर्षानुवर्षं सांगायची म्हणे, माझ्याकडे मोलाची कॉमिक्स आहेत म्हणून, पण कधी दाखवली नाहीत. उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेनं कागद राखला.

मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांच्या आईनं त्यावर इस्त्री फिरवली नव्हती वाटतं," ती म्हणाली.

वरची खोली अजून झालेली नाही. तूर्त सुताराकडून स्वयंपाकघरावर एक फळ्यांचा पोटमाळा करून घेतला आहे, पुराच्या खुणेच्या चार फूट वर, अठ्ठावीस हजारांत. त्यावर पहिली चढली ती ट्रंक. माझी चिकटवही मात्र पुरात गेली, नाहीतर घोडा परत जागेवर लावला असता. अर्थात तो लावायला डिंक वापरावा लागला असता, म्हणजे तेही चाललं नसतंच!